हतनूरला पाणथळ म्हणायचं नाही म्हणे!

दर हिवाळ्यात किमान एक वीकांत मी भुसावळला घालवतो. कारणं दोन. एक भरीत आणि दुसरं हतनूर. पैकी भरताबद्दल वाद नाही (कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी आणि सोबत कळण्याची भाकरी, हा विषय चर्चेच्या पलीकडचा आहे). हतनूरबद्दल मात्र आज मला भांडायचंय.

पुण्यात कुणालाही विचारा, भिगवण माहीत असतं. हतनूर म्हटलं की "हे कुठे आलं?" तर सांगतो. चांगदेवला तापी आणि पूर्णा भेटतात. त्या संगमाच्या खाली, भुसावळ तालुक्यात हतनूर गावाशी तापीवर ४१ दरवाज्यांचं धरण आहे. त्याच्या उजव्या कालव्यातून यावल-चोपड्याकडे शेतीला पाणी जातं, शिवाय दीपनगरचं वीज केंद्रही याच पाण्यावर चालतं. दोन्ही नद्या, विशेषतः वऱ्हाडातल्या काळ्या मातीतून येणारी पूर्णा, भरपूर गाळ आणतात. त्यामुळे मागचा फुगवटा पसरट आहे, बऱ्याच ठिकाणी उथळ, कडेला चिखल आणि गवत. पाटबंधारेवाल्या इंजिनियरच्या दृष्टीने ही डोकेदुखी. बदकांच्या दृष्टीने मात्र याहून चांगली मेस नाही.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत इथे गर्दी असते. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, मोठी लालसरी, चिखलात काड्यांसारख्या पायांवर फिरणारे शेकाटे. तिबेट-मंगोलियाकडच्या तळ्यांवर वीण करून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब. यांना ट्रान्समीटर लावून बघितलं तेव्हा काही पक्षी सात हजार मीटरच्या वर उडताना नोंदले गेले. आणि शेकड्याने वारकरी. हो, त्या काळ्या, कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला मराठीत वारकरीच म्हणतात. महाशिवरात्रीच्या सुमारास काठावर चांगदेव-मुक्ताईची यात्रा आणि पाण्यात हे वारकरी, असा योग दुसरीकडे कुठे जुळून येत असेल असं मला वाटत नाही.

असो. आता भांडणाचा मुद्दा.

केंद्र सरकारचे पाणथळ जागांच्या संवर्धनाचे नियम आहेत, २६ सप्टेंबर २०१७ चे. त्यातली पाणथळ जागेची व्याख्या मी एकदा रात्री जागून वाचली (होय, मला रिकामा वेळ असतो). सुरुवात झकास आहे. जागा नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा तात्पुरती, पाणी साचलेलं असो वा वाहतं, सगळं पाणथळ. वाचताना वाटलं, चला, हतनूर आत! पण त्याच वाक्याला पुढे एक 'परंतु' आहे. नदीचं पात्र आणि भातशेती नाही. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव नाहीत. मत्स्यशेती, मिठागरं, करमणूक आणि सिंचन यांसाठी मुद्दाम केलेली बांधकामंही नाहीत. म्हणजे एका हाताने 'कृत्रिम' दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. आधीच्या २०१० च्या नियमांत जलाशय आणि मानवनिर्मित पाणथळी व्याख्येत धरलेल्या होत्या. २०१७ ला त्या गळल्या.

आता जरा खान्देशात आपण पक्षी बघायला कुठे कुठे जातो ते आठवून बघा. हतनूर, वाघूर, गिरणा, अनेर, सगळी धरणं. धुळ्याचा नकाणे आणि डेडरगाव, दोन्ही शहराला पाणी देणारे तलाव. अनेरला निदान अभयारण्याचं कवच आहे. बाकीचे या व्याख्येतून एका फटक्यात बाद. इतक्या लांबून आलेलं बदक जिथे उतरतं ती जागा कागदावर पाणथळच नाही. मग ते उतरलं कुठे?

आमच्या धंद्यात याला एक नाव आहे, डक टायपिंग. पायथॉन लिहिणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. एखादी गोष्ट बदकासारखी चालत असेल आणि बदकासारखी ओरडत असेल, तर तिला बदक समजा. जन्माच्या वेळी तिच्यावर कुठला शिक्का मारला होता ते विचारू नका, ती आत्ता काय करते ते बघा. २०१७ चा नियम याच्या बरोब्बर उलटा आहे. तो विचारतो, "हे बांधलं कशासाठी होतं?" उत्तर 'सिंचन' आलं की फाईल बंद. आज तिथे काय राहतं, काय खातं, किती दिवस मुक्काम करतं, हे प्रश्नच फॉर्मवर नाहीत. आणि या बाबतीत खरीखुरी बदकं हजर असताना आपण बदकांचं ऐकत नाही, याला काय म्हणायचं!

चुकीच्या शिक्क्याने काय होतं याचा अनुभव खान्देशाला आधीच आहे. रानपिंगळ्याची गोष्ट. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने आपल्या भागातून या घुबडाचे नमुने गोळा केले. त्यानंतर हा पक्षी जवळपास गायबच. फक्त रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने एक नमुना दाखवला आणि तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचं सांगितलं. तो होता डेव्हिडसनचाच जुना नमुना, ढापलेला आणि नव्या लेबलचा. त्या लेबलमुळे शोधणाऱ्यांची दिशा चुकली. पामेला रॅसमसन यांनी ती नोंद बाजूला ठेवली आणि खऱ्या जुन्या ठिकाणांचा माग काढला. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, रानपिंगळा सापडला शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. पक्षी आपल्या जागी होता, लेबल चुकीचं होतं.

"बरं, मग बिघडलं काय? बदकं तर दरवर्षी येतातच की," असं एक मित्र म्हणाला. बिघडलंय असं नाही, बिघडू शकतं आणि तेव्हा कुणाला विचारावंच लागणार नाही, हा प्रश्न आहे. नियमांनुसार अधिसूचित पाणथळीत भराव घालणं, अतिक्रमण करणं, कचरा नि सांडपाणी सोडणं यांना मनाई आहे. हतनूरला त्यातलं काही लागू नाही. उद्या गाळ काढायचं ठरलं, ('गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना २०१७ चीच आहे,) तर शेतकऱ्याला तो गाळ सोन्यासारखा आणि माझा त्याला विरोध नाही. पण कुठला काढायचा आणि उथळ कडा कुठे राखायची, हे ठरवताना पक्ष्यांच्या बाजूने बोलायला खुर्चीच नाही. शेजारी मध्य प्रदेशात ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगती सौर पॅनेल आली आहेत. वीज मलाही हवी, माझा लॅपटॉप काही बदकं चालवत नाहीत. पण उद्या हतनूरवर तशी आली तर ती कुठल्या भागावर असावीत, हे कोण विचारणार?

इथे दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर हे भांडण लबाडीचं होईल. शेतकरी म्हणेल, "तुमचा शिक्का बसला की आमचं पाणी अडणार." ही भीती हवेतली नाही. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं, त्यात चालती शेतं आणि गावं आली. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले आणि शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. एवढं सगळं होऊन माळढोक वाढले का? नाही. तेव्हा काठावरच्या माणसाला शत्रू करून पक्षी वाचत नाहीत, हे मान्य.

पण हतनूरला कुणाचं पाणी अडवायची गरजच नाही. हिवाळ्यात कालव्याला पाणी सुटतं, पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि त्याच चिखलावर शेकाटे नि तुतवार जेवतात. सिंचन आणि पक्षी यांचं वेळापत्रक इथे बऱ्यापैकी जुळतं. विश्वास नसेल तर नांदूर मधमेश्वर बघा. ब्रिटिशांच्या काळातला बंधारा, गोदावरीचे कालवे आजही तिथूनच निघतात. तरी ते अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागाही. पुढे लोणार आणि ठाणे खाडी आल्या. म्हणजे सिंचनासाठी बांधलेलं पाणी जगाच्या यादीत बसतं, पण आपल्या साध्या व्याख्येत बसत नाही! दुसरी वाट वन्यजीव कायद्यातल्या संवर्धन राखीवची. सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून. मुक्ताईनगर तालुक्यातच मुक्ताई-भवानीचं जंगल वाघासाठी असं राखीव झालेलं आहे. तर माझी मागणी साधी आहे. व्याख्येतला तो 'परंतु' काढा आणि जलाशय काय काम करतो त्यावर ठरवा. तोवर हतनूरच्या उथळ भागासाठी राखीवचा विचार करा, तोही काठावरच्या गावांना आधी विचारून. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदच्या परिषदेत मध्य आशियाई उड्डाणमार्गाचा कार्यक्रम मंजूर झाला. मार्गावर तीस देश आणि समन्वयाचं केंद्र भारतात. जगाला रस्ता दाखवायला निघालोय, तर आपल्याकडचा मुक्काम तरी कागदावर असू दे.

आता सरकारला शिव्या घालून झाल्या. उरली आपली पाळी, म्हणजे टेली लेन्सवाल्यांची.

काही वर्षांपूर्वी मी ईएमआयवर पहिली मोठी लेन्स घेतली आणि हतनूरला गेलो. बोटीत आम्ही चौघं. समोर लालसरींचा थवा शांत बसलेला. मला उडतानाचा फोटो हवा होता. मी नावाडी काकांना म्हटलं, "काका, जरा थव्यात घाला ना बोट." ते म्हणाले, "आत्ताच तर बसले ना भाऊ ते. कायले उडवता?" मी ऐकलं नाही, टाळ्या वाजवल्या. थवा उठला. फोटो झक्कास आला, लाइक्सही मिळाले. काका परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायला आलेल्या पक्ष्याला आपण एका फोटोसाठी पळवतो आणि वर स्वतःला पक्षीप्रेमी म्हणवतो. मी म्हणवत होतो.

त्या फोटोचा हतनूरला उपयोग किती? शून्य. रामसरचे निकष वाचा. नियमितपणे वीस हजार पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का. दोन्हीकडे आकडा मागतात, फोटो नाही. २००४ मध्ये भारतातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांची यादी पुस्तकरूपाने आली, त्यात हतनूर आहे. पण त्या यादीला कायद्याचं बळ नाही. बळ येतं ते वर्षानुवर्षांच्या मोजणीने. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिला लागतं काय? दुर्बीण, वही आणि गारठ्यात तीन तास एका जागी उभं राहायची तयारी. ऑफिसात "लॉग कुठे आहेत?" असं विचारून आपण दुसऱ्याचा बग परत पाठवतो ना? मग इथे आपल्याकडे लॉग कुठे आहेत?

तर मंडळी, या जानेवारीत मी हतनूरला जाणार आहे, मोजायला. गाडीत तीन जागा आहेत. लेन्स आणायला हरकत नाही, पण बोट थव्यापासून लांब राहील आणि काका सांगतील तिथे थांबेल. भरीत माझ्याकडून.