घोडामैदान जवळच आहे!

‘जुने ते सोने’ असे ज्याने म्हटले, त्याने जुनी मोटारसायकल कधी विकत घेतली नसावी. सोन्याला निदान कसोटीचा दगड तरी असतो. मोटारसायकलीला नुसता विकणाऱ्याचा शब्द! त्यातून ती डांबरी रस्त्यावर आणि रानवाटेवर सारखीच धावणारी असली, म्हणजे प्रकरण अधिकच नाजूक.

रॉयल एन्फिल्डची ‘हिमालयन’ २०१६ साली आली आणि लडाखची स्वप्ने मध्यमवर्गीय घरांतल्या जेवणाच्या पानापर्यंत येऊन पोचली. आमच्या भाच्यालाही तीच हवी होती. ४११ सीसीची, वापरलेली. त्याच्या गाठीशी दोन वर्षांच्या पगारातली शिल्लक होती आणि समोर आईचा, म्हणजे आमच्या ताईचा, ठाम नकार. शेवटी ‘मामा बरोबर असेल तर बघून ये’ इतपत तडजोड झाली.

आम्ही दोन गाड्या पाहिल्या. पहिली आरशासारखी चकचकीत. “एकदाही पडलेली नाही, सर!” मालक म्हणाला. डोंगरदऱ्यांतून हिंडणारी गाडी कधी पडलीच नाही, हे ऐकून मला मुळी न चुकणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण झाली. अशा विद्यार्थ्याची वही मी नेहमी दोनदा तपासतो! भाच्याने इंजिनाजवळ हात नेला, तर ते आधीच तापलेले. गार इंजिन सुरू होताना कुरकुरते, निळसर धूर सोडते. निळा धूर म्हणजे आत ऑइल जळते आहे. गिऱ्हाईक येण्याआधीच गाडी तापवून ठेवली, की पहिल्या सुरुवातीची ही कुरकुर ऐकू येत नाही.

दुसऱ्या गाडीवर ओरखडे होते. तिच्या मालकाने आपण होऊन सांगितले, “घाटात एकदा पडली आहे,” आणि इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याचा पोचा दाखवला. पत्र्याला पोचा असावाच. तो त्यासाठीच असतो. पोचा इंजिनाला किंवा चासीला असेल, तर मात्र नमस्कार करून निघावे. भाच्याने पुढचे एकवीस इंची चाक उचलून फिरवले, लहर नव्हती. हँडल दोन्हीकडे सावकाश वळवले. ते अडखळले असते तर आतले बेअरिंग गेले असे समजायचे. पुढच्या शॉकच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा नव्हता. साखळी आणि तिची दातेरी चक्रे मात्र झिजली होती. तेवढे पैसे किमतीतून वजा झाले.

खरी परीक्षा कागदांची. चासीवरचा आकडा आरसी बुकाशी जुळतो का? कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आहे का? “नावाचे नंतर बघू” हे वाक्य दोघांनाही महागात पडते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी त्याच राज्यातली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्यावर नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दप्तरी ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक. गाडी त्याने केव्हाच विकलेली असली तरी! फॉर्म २९ आणि ३० हे रुक्ष कागद खरे, पण दोन घरांची झोप त्यांच्यावर अवलंबून असते.

सौदा ठरण्याआधी ताईने मालकाला फोनवर एकच प्रश्न विचारला, “का विकतोस रे, बाळा?”

“घरी मुलगी झाली, काकू. आता तिघांना बसता येईल अशी गाडी हवी.”

ताई क्षणभर गप्प राहिली. मग भाच्याकडे वळून म्हणाली, “पैसे दे. पण नाव तुझ्या नावावर होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर जायची नाही. आणि आधी हेल्मेट आण. ते मात्र नवे कोरे!”

जुन्याची पारख करताना नवे काय घ्यावे, हे तिला आम्हां दोघांपेक्षा अधिक कळत होते.