परका वाटणारा पाय

पाय धडधाकट आहे, रक्तप्रवाह सुरळीत आहे, हाड व स्नायू निर्दोष आहेत. तरीही मांडीवरील एका ठरावीक रेषेखालचा भाग आपला नव्हेच, असे ज्याला बालपणापासून वाटत आले आहे, त्याला वेडा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु असा मनुष्य भ्रमिष्ट नसतो. पाय निरोगी आहे व तो आपल्याच देहाचा आहे, हे तो नाकारीत नाही. तो नसता तर आपण पूर्ण झालो असतो, एवढेच त्याचे म्हणणे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेला ‘बॉडी इंटिग्रिटी डिस्फोरिया’ या नावाने स्वतंत्र स्थान मिळाले असून ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे.

वर्तमानपत्रांना या विषयाची आठवण होते ती शस्त्रक्रियेच्या निमित्ताने. स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथील रुग्णालयात १९९७ व १९९९ मध्ये एका शल्यविशारदाने दोन रुग्णांचे निरोगी पाय त्यांच्याच मागणीवरून कापले. २००० साली हे उघडकीस येताच गदारोळ उठला आणि रुग्णालयाने अशा शस्त्रक्रियांना मनाई केली. मनाईने प्रश्न मिटला काय? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मायकेल फर्स्ट यांनी ५२ जणांच्या मुलाखती घेऊन २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ जणांनी हात किंवा पाय प्रत्यक्ष गमावला होता. त्यांपैकी तिघांना शल्यविशारद मिळाला होता. उरलेल्या सहांनी जिवावर बेतणारे मार्ग पत्करले होते. मानसोपचार वा औषधे घेतलेल्यांची ती इच्छाही ओसरली नव्हती. बावन्नांवरून साऱ्या जगाविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल, हे खरेच. तथापि केवळ ‘नाही’ म्हटल्याने मागणी नाहीशी होत नाही, ती चोरवाटेला लागते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

शस्त्रक्रियेच्या या वादात रोजचे जगणे मात्र झाकले जाते. असा गृहस्थ सकाळी कामावर जातो, जिने चढतो, मुलाला शाळेत पोहोचवतो. घरी कोणी नसेल त्या घटकेला दार लावून पाय दुमडून बांधतो, कुबड्या घेऊन खोलीतल्या खोलीत चालतो आणि त्याला तेवढ्यापुरते हायसे वाटते. दाराची घंटा वाजताच कुबड्या माळ्यावर जातात. पत्नीला याची गंधवार्ता नसते. त्या एका घटकेसाठी दिवसभर मनात चाललेली जुळवाजुळव, रचलेल्या सबबी, कामातून उडालेले लक्ष यांची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही.

रेल्वेच्या अपघातात ज्याचे पाय गेले त्याला ही सारी थट्टा वाटेल, आणि त्या संतापाला उत्तर देणे अवघड आहे. अपंगांसाठी राखून ठेवलेली जागा वा सवलत कोणी असे सोंग करून लाटली, तर ती लबाडीच होय. बंद खोलीत कुबड्या वापरणारा मात्र कोणाच्या ताटातले काही उचलत नाही.

निरोगी अवयव कापण्याची मुभा कायद्याने द्यावी, असे म्हणण्याइतका पुरावा आज हाती नाही. कापलेला पाय परत येत नाही, आणि दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांची संख्या फार थोडी आहे. पण तो निर्णय होईतो रुग्णाने तोंड शिवून बसावे, असे त्यातून मुळीच निघत नाही. आपल्याकडील २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मनोविकार ठरविण्याच्या निकषांत याच आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अद्ययावत आवृत्तीचा उल्लेख करतो, आणि त्याचे तेविसावे कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. कागदावर वाट आहे. मात्र चाळिशीतला माणूस तीस वर्षांचे गुपित घेऊन प्रथम जातो तो घरच्या डॉक्टरकडे. आणि त्या डॉक्टरने ‘असले काही नसते, योगासने करा’ म्हणून त्याला वाटेला लावले, तर तो दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही. त्याऐवजी खुर्ची पुढे ओढून ‘हे केव्हापासून वाटते?’ एवढे विचारायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.