घट्ट सुरुवात, हलका शेवट



जोयडा तालुक्यातल्या अनेक घरांचा दांडेलीशी जुना संबंध. वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी १९५५ साली स्थापन झाली आणि काळी नदीच्या काठी तिचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथला कागद आपल्याच जंगलांतल्या बांबूपासून व्हायचा. आज आपली मुलं आयटीआय, डिप्लोमा करून गोवा, बेळगाव, पुण्याच्या पॅकेजिंग कारखान्यांत जातात. तिथे त्यांची हमखास गाठ पडते ती स्लिटर-रिवाइंडरशी. मीही या यंत्रावर बरीच वर्षं काढली, म्हणून आज त्याबद्दल.

काम ऐकायला सोपं आहे. कागदाचा किंवा प्लास्टिक फिल्मचा मोठा रोल उलगडायचा, पात्यांनी उभे पट्टे कापायचे आणि ते छोट्या रोलवर गुंडाळायचे. सगळी मेख आहे ती धावत्या कागदावरच्या ताणात. ताण कमी पडला तर कागद भरकटतो, सुरकुततो. जास्त झाला तर फिल्म लांबते, कागद तुटतो.

हा ताण एकदा लावून विसरता येत नाही. समजा, उलगडणारा रोल १ मीटर व्यासाचा आहे आणि ताण हवा २०० न्यूटन. ताण गुणिले त्रिज्या, म्हणजे ब्रेकला १०० न्यूटन-मीटर जोर लावावा लागेल. रोल संपत येऊन व्यास १० सेंटिमीटर उरला की तेवढ्याच ताणाला फक्त १० न्यूटन-मीटर पुरतात. ब्रेक मूळ जोरावरच राहिला तर ताण दहापट होईल आणि कागद त्याआधीच तुटेल. म्हणून व्यास घटेल तसा ब्रेक सैल करावा लागतो. नव्या यंत्रांत लोड सेल ताण मोजतो किंवा डान्सर रोलर वर-खाली होऊन तो सांभाळतो. जुन्या यंत्रावर मात्र हे सगळं ऑपरेटरच्या हातात.

गुंडाळणाऱ्या बाजूचं गणित वेगळं. पतंगाची फिरकी आठवा. आधी सैल मांजा गुंडाळला आणि वर घट्ट वेढे चढवले, की वरचे वेढे आत रुततात. रोलचंही तसंच. कोअरजवळ घट्ट सुरुवात करायची आणि रोल वाढेल तसा ताण हळूहळू उतरवायचा. याला टेपर टेन्शन म्हणतात. तसं केलं नाही तर बाहेरचे थर आतल्यांना दाबतात, आत सुरकुत्या पडतात किंवा रोल दुर्बिणीसारखा एका बाजूला सरकतो.

पंचाईत अशी की हा दोष यंत्रावर दिसेलच असं नाही. बाहेरून रोल छान दिसतो. ग्राहकाच्या छपाई यंत्रावर अर्धा उलगडला की आतलं उघडं पडतं. माल परत येतो आणि त्या पाळीला कोण उभं होतं, याची चौकशी सुरू होते. म्हणून कोणत्या मालाला किती ताण लावला, हे दर पाळीला वहीत लिहून ठेवा. ती वहीच तुमची साक्षीदार.

पावसाळ्यात आणखी जपा. उघड्यावर ठेवलेल्या रोलच्या कडा दमट हवा पितात, लांबतात आणि लाटांसारख्या होतात. मग सगळा ताण मधल्या भागावर येतो. अशा वेळी ताण वाढवून कडा सरळ करायला गेलात, तर कागद तुटलाच म्हणून समजा. रोल वेष्टनातच ठेवावा आणि यंत्रावर चढवतानाच उघडावा.

आणि एक सांगणं, पालकांनीही ऐकावं असं. कागद सुरकुतला की तो हाताने सरळ करायचा मोह होतो. दोन रोलरांच्या फटीत बोट गेलं तर पुढे हात ओढला जातो. मागे घ्यायला वेळच मिळत नाही. आधी यंत्र थांबवायचं, मग हात लावायचा. सुपरवायझरने कितीही घाई केली तरी हा क्रम बदलायचा नाही.