कालविपर्यासाचा खोटा आरोप

अधिक चांगल्या आयुष्याच्या शोधात निघालेली तरुण स्त्री ऐतिहासिक कादंबरीची नायिका झाली की तिच्यावर एक ठराविक आक्षेप घेतला जातो, आणि अलीकडे तो पुन्हा मोठ्या आवेशाने मांडला जात आहे. आक्षेपकाचे म्हणणे थोडक्यात असे की, एकोणिसाव्या शतकातील मुलीला शिकण्याची, स्वतः कमावण्याची किंवा मनाविरुद्धचा संसार नाकारण्याची इच्छा होणे शक्यच नव्हते. ती इच्छा आजच्या लेखकाची असून तो तिला नऊवारी नेसवून जुन्या वाड्यात उभी करतो. म्हणून अशी कादंबरी म्हणजे कालविपर्यास, अर्थात एका काळातील गोष्ट दुसऱ्या काळात घुसडणे होय. या कादंबऱ्या रडक्या असतात आणि त्यांत घडलेले व कल्पिलेले यांची सरमिसळ होते, अशी पुस्तीही जोडली जाते.

रडकेपणा हा एखाद्या लेखकाचा दोष असतो, साहित्यप्रकाराचा नव्हे. सरमिसळीविषयी एवढेच सांगणे पुरे की, १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी प्रसिद्ध होऊ लागल्यापासून मराठी वाचकाने किल्ल्यांवरील कल्पित खलबते आणि सरदारांचे कल्पित संवाद बिनतक्रार वाचले आहेत. पुराव्याचा हा कडक नियम मुलीच्या मनाची पाळी आली तेव्हाच आठवावा, यात आक्षेपकाचा पक्षपात उघडा पडतो.

मुख्य आक्षेप मात्र वस्तुस्थितीलाच सोडून आहे. १८५५ मध्ये फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला, आणि १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. हे दाखले दिले की आक्षेपक आनंदीबाई जोशी यांच्याकडे वळतो आणि त्यांचे अमेरिकेत जाऊन वैद्यक शिकणे ही सारी त्यांचे पती गोपाळराव यांची हौस होती, असे म्हणून हात झटकतो. गोपाळरावांचा हट्ट जबरदस्त होता, यात वाद नाही. परंतु १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत उभे राहून आपण अमेरिकेला का जात आहोत याची कारणे आनंदीबाईंनीच एकेक करून सांगितली, रस्त्याने चालताना लोक कसे टक लावून पाहतात व छळतात तेही सांगितले, आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसताना त्यांचा नवरा बरोबर नव्हता. नवऱ्याच्या हट्टाने फार तर प्रवासाची सोय होते. फिलाडेल्फियाच्या थंडीत, प्रकृती ढासळत असताना, १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी हाती येईपर्यंत टिकून राहणे दुसऱ्याच्या हौसेने होत नाही.

एवढ्यानेही समाधान होत नसेल तर रखमाबाईंचा खटला समोर ठेवावा, कारण तेथे नवऱ्याची हौस हे कारण पुढे करताच येत नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी आईकडेच राहिली, पुस्तके मिळवून वाचत राहिली आणि वयात आल्यावर नवऱ्याच्या घरी जाण्यास तिने साफ नकार दिला. १८८४ मध्ये तिचे पती दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे पत्नीने नांदायला यावे असा हुकूम मिळवण्याचा दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. त्यावर अपील झाले, प्रकरण पुन्हा सुनावणीला आले आणि मार्च १८८७ मध्ये, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल लागला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. बालविवाहामुळे आपले शिक्षण कसे खुंटले हे १८८५ मध्येच ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील पत्रांतून त्यांनी टोपणनावाने मांडले होते. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे त्या लंडनला वैद्यक शिकून आल्या. ही सगळी हकीकत न्यायालयाच्या कागदांत आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांत पडलेली असताना, अशी इच्छा त्या काळी नव्हतीच, असे छातीठोकपणे लिहिणारा माणूस एक तर वाचत नाही, किंवा वाचून दडवतो.

या ठिकाणी एका जुन्या वादाची आठवण करून देणे आवश्यक आहे. मुली शिकल्या, कादंबऱ्या वाचू लागल्या, तर त्यांचे घरात चित्त लागणार नाही, अशी ओरड त्याच शतकात झाली होती. ओरडणाऱ्यांना त्या इच्छेची चांगली ओळख होती. जे नाहीच त्याची कोणी धास्ती घेत नाही. त्या विरोधकांनी मुलींची इच्छा निदान खरी मानली. आजचा आक्षेपक ती इतिहासातूनच पुसून टाकतो, आणि हा अन्याय अधिक मोठा आहे.

मग अशा कादंबरीने नेमके साधायचे काय? दस्तऐवज निर्णय सांगतो, निर्णयापर्यंतची वाट क्वचितच सांगतो. चौदाव्या वर्षी झालेले आनंदीबाईंचे मूल दहा दिवसांत गेले, हे चरित्रात एका वाक्यात येते. त्या दहा दिवसांत घरात कोण काय म्हणाले, वैद्य मिळेना तेव्हा त्या मुलीला काय समजले, हे कादंबरीच शोधू शकते. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ने १९६८ मध्ये ही वाट मोकळी केली, जरी तीत गोपाळरावांचे विक्षिप्त व्यक्तिमत्त्व नायिकेची बरीच जागा व्यापून बसते. यापुढील लेखकाने नायिकेला ती जागा पूर्ण द्यावी, तारखा व निकाल जसेच्या तसे ठेवावेत आणि कल्पना तेवढ्या मोकळ्या जागेत चालवावी. रखमाबाईंना न्यायालयाने दिलेली एक महिन्याची मुदत ही अशीच मोकळी जागा आहे : सावत्र वडील सखाराम अर्जुन दोन वर्षांपूर्वी वारलेले, आई घरात, वर्तमानपत्रांत नावाची चर्चा, आणि तुरुंगात जायचे की सासरी, याचा जबाब बाविशीच्या आसपासच्या मुलीने द्यायचा.