नियम बदलणाऱ्यानेच तो दारापर्यंत पोचवावा

परकीय नागरिकांविषयीचे कायदे बदलले की आपल्याकडे तीन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं, भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला ना समुद्र, ना परदेशाची सीमा. इथे या कायद्यांचा कुणाला काय उपयोग? दुसरं, कायदा राजपत्रात छापलेला असतो. ज्याला गरज आहे त्याने वाचावा, अज्ञान ही सबब चालत नाही. तिसरं, हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. इथे लोकांची सोय बघत बसलो तर कारभार ढिला पडेल. ही मतं मांडणारे प्रामाणिक असतात, पण तिन्ही मतं चुकीची आहेत.

पहिल्या मताचं उत्तर नकाशातच आहे. १९७२ साली तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, प्रतापगड-गोठणगाव परिसरात, तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत उभी राहिली. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचं विभाजन होऊन अर्जुनी मोरगाव तालुका गोंदियात गेला, तरी तिबेटी लोक आजही तिला भंडाऱ्याची वसाहत म्हणूनच ओळखतात. पन्नास वर्षांहून अधिक काळ ही माणसं आपली शेजारी आहेत. इथे राहायला त्यांना नोंदणी प्रमाणपत्र लागतं, आणि ते मुदत संपण्याआधी नूतनीकरण करून घ्यावं लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचं ओळखपुस्तक लागतं. सीमा शेकडो कोस दूर असली, तरी तिचे नियम या घरांतल्या कपाटात ठेवलेले आहेत.

दुसरं मत वरकरणी बिनतोड वाटतं. म्हणून याच वसाहतीतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, अगदी मोजके अपवाद सोडले, तर जन्मानेच भारतीय नागरिक. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक तरी भारतीय नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून ही अट आणखी कडक झाली. म्हणजे १९८६ साली जन्मलेला थोरला भाऊ एका नियमात बसतो, १९८८ सालची बहीण दुसऱ्या नियमात आणि पुढच्या पिढीतलं मूल तिसऱ्या. आता बघा, कायदा छापून तयार असताना प्रत्यक्षात काय झालं. १९८६ साली भारतातच जन्मलेल्या तिबेटी नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारला गेला. त्या जन्मानेच नागरिक आहेत हे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये सांगितलं. त्यानंतरही अशा तिबेटींची नावं मतदारयादीत घेण्याचा निर्देश निवडणूक आयोगाने २०१४ साली दिला, आणि पासपोर्ट कार्यालयांना स्पष्ट सूचना मिळायला २०१७ उजाडलं. राजपत्र ज्यांच्या टेबलावर असतं, त्यांनाच कायदा नीट लावायला इतकी वर्षं लागली. मग शेतात राबणाऱ्या आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी फिरणाऱ्या माणसाने तो आपला आपण समजून घ्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

तिसऱ्या मतातला अर्धा भाग मला मान्य आहे. देशात कोण येतं, कोण राहतं हे जाणून घेण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे मोडीत काढून १ सप्टेंबर २०२५ पासून एकच कायदा लागू झाला, हेही योग्यच झालं. पण वैध पासपोर्ट वा प्रवासी कागदपत्रांशिवाय आत येणाऱ्याला या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भारही, पूर्वीप्रमाणेच, त्या व्यक्तीवर आहे. शिक्षा इतकी जबर आणि पुराव्याचा भार माणसावर, तर निदान माहिती पोचवण्याचा भार तरी सरकारने उचलायला हवा. नियम ठाऊक असलेला माणूस वेळेत नोंदणी करतो. म्हणजे सुरक्षेचं कामही त्यामुळेच सोपं होतं.

आपल्याच लोकांवर ही वेळ आली तेव्हा आपण काय म्हणालो, तेही आठवावं. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेने एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर आकारण्याचा आदेश काढला, तो २१ तारखेपासून लागू होणार होता. सुट्टीवर घरी आलेल्यांची परत जाण्याची धावपळ उडाली. ही रक्कम फक्त नव्या अर्जांसाठी आहे हा खुलासा मागाहून आला. हा अन्याय आहे, असं तेव्हा घरोघरी म्हटलं गेलं आणि ते खरंच होतं. तोच न्याय आपल्या दारातल्या परक्यालाही लावला पाहिजे.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. जिल्ह्यात परकीयांची नोंदणी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात होते. बदललेल्या नियमांचं एक पान मराठी, हिंदी आणि तिबेटीत तिथे, तहसील कार्यालयात आणि वसाहतीत लावावं. नवा नियम लागू होण्याआधी पुरेशी मुदत द्यावी, आणि त्या मुदतीत झालेल्या चुकीला दंड नसावा. शिधापत्रिकेसाठी, मतदार नोंदणीसाठी गावात शिबिरं भरतातच. 'शासन आपल्या दारी' या नावाने सरकारने स्वतः मोहीम चालवली आहे. तसंच एक शिबिर नोंदणी नूतनीकरणासाठी वसाहतीत भरवावं. भंडारा आणि गोंदियाच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी जिल्हा प्रशासनाकडे लेखी करावी, आणि ती लावून धरायला आपण शेजाऱ्यांनी त्यांना भाग पाडावं.