मुरघासाचें झांकण आणि आमची काटकसर

मुरघास कसा भरावा, हें शेतकरी बंधूंस नव्यानें सांगण्याचें आतां फारसें कारण उरलें नाहीं. मका चिकांत आला म्हणजे कापावा, कुट्टी अर्धा ते एक इंच ठेवावी, खड्डा दाबून भरावा, इतकें गांवोगांव ठाऊक आहे. असें असतां उन्हाळ्यांत खड्डा उघडला म्हणजे पुष्कळ ठिकाणीं वरचा थर काळा व बुरसलेला निघतो, आणि घरधनी बियाण्यास किंवा दैवास बोल लावून मोकळा होतो. आमच्या अल्पमतीप्रमाणें दोष बियाण्याचा नव्हे व दैवाचाहि नव्हे. तो झांकणाचा आहे, आणि त्याहून अधिक खड्ड्याच्या मापाचा आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. इ. स. २०१२-१३ च्या अवर्षणांत चारा-छावण्या उघडल्या, तेव्हां दावणीच्या जनावरांच्या याद्या आमच्या हातून गेल्या. छावणींत बहुधा उसाचें वाढें मिळे. त्यानें जीव राहतो. परंतु त्यांतील ऑक्झलेट नांवाचें द्रव्य जनावराच्या अंगांतील चुना बांधून ठेवतें, म्हणून नुसत्या वाढ्यावर दुभतें टिकत नाहीं. छावणीहि मिळते ती सर्व सोपस्कार झाल्यावर. इ. स. २०२३ सालीं राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो आक्टोबरच्या अखेरीस. जून-जुलैंत पेरलेला मका तर सप्टेंबरच्या सुमारासच चिकांत येतो. म्हणजे सरकारी कागद हातीं पडेपर्यंत मुरघासाची वेळ टळून गेलेली असते. ह्यांत कोणा अधिकाऱ्याचा दोष काढावयाचा नाहीं. पंचनामा हा नुकसान झाल्यावरच व्हावयाचा. वैरणीची तजवीज मात्र आधीं व आपली आपणच केली पाहिजे.

हें सांगणारे आम्ही स्वतः फसलों, तेंहि सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. सेवानिवृत्त झाल्यावर आम्हीं दोन गाई बांधल्या आणि दहा फूट लांब, सहा फूट रुंद व पांच फूट खोल असा खड्डा भरला. मका चांगला होता, कुट्टी बारीक होती. झांकावयाची वेळ आली तेव्हां आमच्या कुटुंबाचें म्हणणें पडलें कीं, प्लास्टिकचा नवा जाड कागद आणावा. आम्ही हिशेबी माणूस. घरांत जुनी ताडपत्री असतां नवा खर्च कशास, असें म्हणून तीच घातली व कडेला चार दगड ठेविले. पुढें परतीचा पाऊस आला, तो ताडपत्रीच्या भोंकांतून खालीं उतरला. दोन महिन्यांनीं खड्डा उघडला, तों वरचा फूटभर थर गेलेला. आमच्या गाईनें हुंगून तोंड फिरविलें.

आतां ह्या काटकसरीचा जमाखर्च पाहावा. एका घनफुटांत सुमारें १५ किलो मुरघास बसतो. आमच्या खड्ड्यांत ३०० घनफूट, म्हणजे साडेचार हजार किलो माल होता. वरचा एक फूट गेला म्हणजे ६० घनफूट, अर्थात् ९०० किलो गेला. एका गाईस दिवसास १५ किलो धरल्यास दोन गाईंची एक महिन्याची वैरण आम्हीं एका कागदाच्या किमतीकरितां उकिरड्यावर टाकली.

ह्याचें कारण सोपें आहे. कुट्टींत हवा नसली म्हणजे तिच्यांतील साखरेचें आम्ल बनतें, आणि त्या आम्लामुळें सुमारें ४५ दिवसांत वैरण मुरून टिकाऊ होते. हवा शिरली कीं यीस्ट व बुरशी तेंच आम्ल खाऊन टाकितात, वैरण तापते आणि कुजते. फिनलंडांतील आर्तुरी विर्तानेन यांस इ. स. १९४५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत ओली वैरण आम्लानें टिकविण्याची त्यांची रीत हें प्रमुख कारण होतें. तेव्हां हें काम कोणीं हलकें समजूं नये. कित्येक जण गूळ-मीठ घालून निश्चिंत होतात. पण हवेचा मार्ग मोकळा ठेवल्यास त्यानें कांहीं साधत नाहीं. आणि बुरसलेला भाग चांगल्यांत मिसळून घालणें हें तर जनावराशीं व दूध पिणाऱ्या लेंकरांशीं वैर करणें आहे. कांहीं बुरशींचें विष दुधांत उतरतें.

म्हणून खड्डा एकदोन दिवसांत भरून संपवावा व जमिनीच्या वर फूट-दीड फूट, मधें उंच व कडेला उतरता घ्यावा, म्हणजे पाणी निथळून जाईल. कागद नवा, जाड व अखंड असावा. त्यावर सर्वत्र सहा इंच माती किंवा वाळूचीं पोतीं ठेवावीं, कडा मातींत गाडाव्या व भोंवतीं चर काढावा. आठवड्यांतून एकदां फेरी घालून उंदरांनीं पाडलेलीं भोंकें बुजवावीं.

परंतु आमची दुसरी चूक झांकणानें सुधारणारी नव्हती. खड्डा उघडल्यावर त्याच्या तोंडाचा थर रोज निदान अर्धा फूट खोल निघाला पाहिजे; नाहीं तर उघडा भाग हवेनें बिघडतो. आमच्या खड्ड्याचें तोंड ३० चौरस फुटांचें, आणि दोन गाईंस रोज लागे दोन घनफूट. म्हणजे थर एक इंचहि निघत नसे! खड्डा आमच्या गोठ्यास फार मोठा होता. दोन जनावरांच्या धन्यानें खड्ड्याच्या वाटेस जाऊं नये. प्लास्टिकच्या अस्तराच्या पन्नास किलोंच्या पिशव्या दाबून भराव्या व तोंड घट्ट बांधावें. एक पिशवी दोन दिवसांच्या आंत संपते.

याहून चांगला मार्ग भागीदारीचा. चार घरांची मिळून दहा जनावरें असलीं, तर रोज दहा घनफूट लागेल. पांच फूट रुंद, चार फूट उंच तोंडाचा खड्डा त्यांस बरोबर पुरतो. तो पन्नास फूट लांब केल्यास शंभर दिवसांची बेगमी होते. दाबण्यास ट्रॅक्टर, कुट्टीचें यंत्र व चांगला कागद हीं एकट्यास जड, पण चौघांस हलकीं. भागीदारींत भांडणें होतात, असा आक्षेप येईल. बांधाच्या वितीकरितां सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवितांना आम्हीं पाहिले आहेत. तेव्हां आक्षेप खोटा नाहीं. त्यावर उपाय एकच: कोणीं किती आणलें व कोण किती नेतो, हें वजन करून वहींत मांडावें, आणि वही सर्वांस पाहावयास मोकळी असावी. मनांत ठेवलेला हिशेब भांडण लावतो, वहींतला मिटवितो.

आमच्या संघानें ट्रॅक्टर, कुट्टीयंत्र व कागद पावसाळ्यापूर्वींच सभासदांकरितां सिद्ध ठेवावे, अशी आमची सूचना आहे. दावणीचें जनावर बाजारांत नेऊन मिळेल त्या मोलास विकणाऱ्या गृहस्थाचा चेहरा ज्यांनीं दुष्काळांत पाहिला असेल, त्यांस ह्या सूचनेचें अधिक समर्थन करावयास नको.