छप्पर जुनं आहे म्हणून भाव कमी मागायचा का?



माधवनगरसारख्या जुन्या व्यापारी पेठेत धंद्यासाठी जागा बघायला लागलात की कौलारू घर समोर येतंच. पुढं दुकान, मागं माल, असा तुमचा हिशोब. भाव तोंडी ठरतो. मग कुणीतरी कानात सांगतं, "छप्पर गेलंय, दोन लाख कमी करायला सांग."

सांगायचं का? माझं मत स्पष्ट आहे. कौलं फुटली म्हणून ठरलेला भाव मोडू नका. पण लाकूड किंवा भिंत गेली असेल, तर भाव कमी झाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पावसाळ्याआधी घर शाकारणं हे कौलारू घराचं नेहमीचं काम आहे. घर जुनं आहे हे बघूनच तुम्ही भाव बोललात. आढं वाकलं, वाशांना वाळवी लागली, भिंतीचा माथा पाण्यानं भुसभुशीत झाला, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं नुसती कौलं बदलून भागत नाही, छप्पर उतरवावं लागतं.

म्हणून गवंड्याबरोबर सुतारालाही न्या. रस्त्यावरून आढ्याची रेघ सरळ दिसते का बघा. वासा भिंतीवर टेकतो तिथं पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. खाली प्लायवूडचं छत ठोकलेलं असेल तर एक फळी काढायला सांगा. मे महिन्यात सगळीच छपरं चांगली दिसतात, त्यामुळं जमलं तर एक फेरी पावसात मारा.

कायदाही माहीत असू द्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार विकणाऱ्यानं त्याला माहीत असलेला लपलेला दोष सांगायचा असतो. पण साधी काळजी घेतली असती तर जो दोष तुम्हाला दिसला असता, तो बघणं तुमचं काम. "मी वर चढलोच नाही" हे कारण चालत नाही.

आता आकडे. समजा भाव 24 लाख ठरलाय. दुरुस्ती 60 हजारांची निघाली, तर ती अडीच टक्के. सोडून द्या, शब्द राखा. 3 लाख 60 हजार निघाली, तर ती 15 टक्के. मग लेखी अंदाजपत्रक घेऊन बसा. घर पाडून नवीन बांधणार असाल, तर छपराचा मुद्दाच काढू नका; तुम्ही जमीन घेताय.

"मी दुरुस्त करून देतो" असं मालक म्हणाला, तरी भावातच कमी करून घ्या. घर सोडून जाणारा माणूस वरवरची मलमपट्टी करणार. आणि हे सगळं विसार देण्याआधी. पैसे एकदा दिले की तुमचा आवाज आपोआप खाली येतो.

एक लक्षात ठेवा: मुद्रांक शुल्क खरेदीची रक्कम आणि सरकारी मूल्यांकन यात जे जास्त असेल त्यावर लागतं. त्यामुळं भाव उतरला की शुल्कही उतरेल असं धरू नका. फरक मोठा असेल तर आयकरासाठी सीएला विचारा.

नव्या धंद्यात खेळतं भांडवल आधीच तोकडं असतं. ते माल भरायला आहे, दुसऱ्याचे कुजलेले वासे बदलायला नाही. बोलणी करण्याआधी शिडी लावा.